सडकेचा कायदा आणि शाळेची वाट

(इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

खानदेशातून जाणाऱ्या दोन मोठ्या सडका धुळे येथे एकमेकींस छेदतात. एक मुंबईहून नाशिक, मालेगावमार्गे धुळ्यास येते व सोनगीर, नरडाणा, शिरपूर करीत सातपुडा ओलांडून आग्र्याकडे निघते. दुसरी सुरतेकडून नवापूर, साक्रीवरून धुळ्यास पोहोचते आणि पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या वाटेने नागपुराकडे जाते. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. त्या वेळी सुरत–नागपूर मार्गाचा सहा हा क्रमांक जाऊन त्रेपन्न आला, आणि धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या मार्गाचा तीन जाऊन बावन्न आला. लोकांच्या तोंडी मात्र पहिली सडक अजून आग्रा रोडच आहे. भूगोलाच्या तासाला हे सारे नकाशावर दाखविले जाते व विद्यार्थी ते पाठही करतात. परंतु ज्या शाळेची घंटा या सडकेवर ऐकू येते, त्या शाळेतील मुलास ही सडक ओलांडावी कशी, हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. त्यास ते शाळेनेच शिकविले पाहिजे. आणि हे शिकविणाऱ्यास गेल्या काही वर्षांत मोटार वाहनांचा कायदा कोठे व का बदलला याची नीट माहिती असली पाहिजे. त्यासाठी हा पाठ आहे.

भारतात मोटारीसंबंधी पहिला केंद्रीय कायदा १९१४ साली झाला. त्या काळी पूर्व व पश्चिम खानदेशात मोटार हा कौतुकाचा विषय होता, आणि सडकेवर राज्य होते ते बैलगाडीचे. पुढे १९३९ चा अधिनियम आला. आपल्या राज्यात एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, ती याच कायद्याच्या अमलात. जवळजवळ अर्धशतक तो चालला. त्याच्या जागी मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आज तोच मूळ कायदा आहे. त्यात सर्वांत मोठा फेरफार २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने केला. या सुधारणेतील बहुतेक दंडविषयक कलमे १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर अमलात यावयाची होती. महाराष्ट्र शासनाने मात्र वाढीव दंड सामान्य माणसास झेपणार नाहीत या कारणास्तव ती अंमलबजावणी थांबविली, आणि सुधारित तडजोड शुल्काची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये काढली. म्हणून केंद्राच्या कायद्यात हेल्मेट न घातल्याबद्दल १,००० रुपये दिसतात आणि आपल्याकडील अधिसूचनेत ५००. वर्तमानपत्रात दोन निरनिराळे आकडे वाचून ज्यांचा गोंधळ उडतो, त्यांना हे कारण सांगावे. तडजोड शुल्क म्हणजे न्यायालयात न जाता जागेवर किंवा ई-चलानाद्वारे भरावयाची रक्कम होय. शिक्षेची कमाल मर्यादा ती नव्हे.

दंड किती वाढले याचा अंदाज एक-दोन उदाहरणांनी येतो. अनुज्ञप्तीवाचून, म्हणजे लायसन नसता, वाहन चालविण्याचा दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता, तो अधिनियमात ५,००० झाला. मद्यप्राशन करून वाहन चालविण्याच्या पहिल्या अपराधास २,००० ऐवजी १०,००० रुपयांपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद ठरली. गाडी हाकताना भ्रमणध्वनी हातात धरणे आता ‘धोकादायक रीतीने चालविणे’ या सदरात येते. एक तरतूद फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही, ती अशी की कायद्याची अंमलबजावणी ज्याच्याकडे सोपविली आहे त्याने स्वतःच अपराध केला तर त्यास दुप्पट दंड आहे (कलम २१०-ब). शिक्षक हा अंमलबजावणी अधिकारी नव्हे. परंतु हेल्मेट दुचाकीच्या आरशाला टांगून शाळेच्या आवारात शिरणाऱ्या गुरुजींकडे मुले ज्या नजरेने पाहतात, तीत या कलमाचा आशय पुरेपूर असतो.

आता या कायद्याची गरज का पडली ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दररोज सरासरी ४६२. त्यांपैकी महाराष्ट्रातील १५,२२४. हेल्मेट नसताना मेलेले दुचाकीवरील चालक व सहप्रवासी मिळून ५०,०२९. अठरा वर्षांखालील मुले ९,५२८. हा शेवटचा आकडा वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांकडूनच ३६५ ने भागून घ्यावा. उत्तर सव्वीसच्या जवळ येते. कित्येक खेड्यांतील वर्गाचा पट एवढाच असतो. शिक्षकाने यापुढे काही बोलण्याची आवश्यकता नाही.

आकड्यांपेक्षा गावे मुलांच्या अधिक ओळखीची असतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटली. ती धुळे जिल्ह्याकडून रावेरच्या दिशेने चालली होती, आणि मालावर बसून घरी परतणारे मजूर रावेर तालुक्यातील आभोडा, केऱ्हाळा व रावेर येथील होते. किमान पंधरा जण पपईखाली दबून गेले. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती. यावल–रावेर भागात केळी व पपईची तोडणी बारमाही असते, आणि दिवसभर तोडणी व भरणी करून रात्री त्याच गाडीवर बसून गावी येणे ही तेथील नित्याची रीत आहे. भाडे वाचते, दुसरी गाडी मिळत नाही, मालकही हरकत घेत नाही. कापसाच्या हंगामात छोट्या मालगाड्यांत उभ्याने होणारा प्रवास आणि ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांचा ट्रॅक्टर-ट्रॉलीतील प्रवास या त्याच रीतीच्या दुसऱ्या तऱ्हा होत.

मालाच्या वाहनातून माणसे वाहून नेण्यास कायद्याची बंदी आहे, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते विम्याचे. मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. गाडीवरील नोकरांसाठी वेगळी तरतूद आहे. याखेरीज जो कोणी नुसता ‘बसवून घेतलेला’ असेल, त्याच्यासाठी विमा कंपनी सामान्यतः बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिला. म्हणजे अपघातानंतर भरपाईचा दावा गाडीमालकावर उरतो. तो कर्जात असला तर विधवा व पोरकी मुले निकालाचा कागद घेऊन बसतात. बरेच पालक तोडणीस जातात अशा गावच्या शाळेत पालकसभेपुढे ही गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना त्यांस दोष देण्याचा सूर नसावा. मजूर हौसेने पपईवर बसत नाही. परंतु तोडणी ठरविताना मुकादमाशी दराबरोबर परतीच्या गाडीचीही बोली करता येते, हे त्याच्या ध्यानात आणून देता येईल. शिवाय निदान लहान मुलांना तरी रात्रीच्या मालावर न बसविता मागे आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याविषयी शाळा बोलू शकते, कारण त्या मुलांचा पट शाळेकडे आहे.

आग्रा रोडवर शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ रोजी सकाळी, मध्य प्रदेशाकडून घाट उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले व तो वाहनांना ठोकरीत रस्त्याकडेच्या उपाहारगृहात घुसला. किमान दहा माणसे गेली. त्यांच्यापैकी सर्वच वाहनात बसलेली नव्हती. काही रस्त्याच्या कडेला होती. आदल्या वर्षी, १८ जुलै २०२२ रोजी, याच सडकेवर मध्य प्रदेशातील खलघाट येथे इंदूरहून अमळनेरकडे येणारी एस. टी. बस कठडा तोडून नर्मदेत पडली व बारा जण बुडाले. जळगाव–पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ ७ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीने दुचाकीला उडविले. त्यात एक आई व तिच्यासोबतची मुले गेली. या घटना मुलांना सांगताना वर्णन थोडक्यात करावे. भीती घातल्याने मूल सडकेपाशी गोठून उभे राहते, आणि गोठलेले मूल हे धावणाऱ्या मुलाइतकेच संकटात असते.

या ठिकाणी पाठाचा प्रात्यक्षिक भाग येतो. तो मैदानावर घ्यावा.

मोटार चालकास पुढे मूल दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी त्या एका सेकंदात ११ मीटर पुढे येते, आणि कोरड्या, चांगल्या सडकेवर ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ९ मीटर घसटत जाऊन थांबते. एकूण २० मीटर. ताशी ६० वर हेच अंतर १७ अधिक २०, म्हणजे ३७ मीटर होते. ताशी ८० वर २२ अधिक ३५, म्हणजे ५७ मीटर. येथे सातवी-आठवीच्या मुलांना एक गोष्ट शोधू द्यावी: वेग ४० चा ८० झाला म्हणजे दुप्पट झाला, पण ब्रेकनंतरचे अंतर ९ चे ३५, म्हणजे जवळजवळ चौपट झाले. वर्गसंख्येचा धडा शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल. दोरीवर मीटरच्या गाठी मारून तीनही अंतरे मैदानावर आखावीत. एक मुलगा ‘मोटार’ म्हणून आरंभी व एक ‘गाडी थांबली’ या खुणेवर उभा करावा. सत्तावन्न मीटरची दोरी कित्येक शाळांच्या मैदानात मावत नाही व कुंपणाबाहेर जाते. ती तशीच जाऊ द्यावी. ओला रस्ता, झिजलेले टायर, भरलेली मालमोटार यांना याहून पुष्कळ अधिक अंतर लागते, हे तोंडी सांगावे.

दुसरे गणित ओलांडण्याचे. दुपदरी सडक सुमारे ७ मीटर रुंद असते. दप्तर घेतलेले लहान मूल सेकंदाला एक मीटर या चालीने ती सात सेकंदांत ओलांडते. तेवढ्या अवधीत ताशी ६० ची गाडी ११७ मीटर कापते आणि ८० ची १५६. यावरून शाळेसमोरच्या सडकेवर दोन्ही बाजूंस साधारण दीडशे मीटरवर असलेले निंबाचे झाड, मोरी, विजेचा खांब अशी एक ओळखीची खूण ठरवून द्यावी: त्या खुणेच्या अलीकडे कोणतीही गाडी दिसली तर थांबावयाचे. पाच-सहा वर्षांच्या मुलास ‘वेग पाहा’ असे सांगून काही उपयोग नाही; येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज करण्याची शक्ती त्या वयात पुरी आलेली नसते. निंबाचे झाड त्यास कळते. शिरपूर, साक्री तालुक्यांतील पावरा व भिल्ल मुलांशी, किंवा पारोळा-अमळनेरकडील अहिराणी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांशी, ही खूण त्यांच्या घरच्या बोलीतच ठरवावी. प्रमाण मराठी पुढे येईलच.

चालण्याच्या बाजूविषयी एक जुनी समजूत मोडून काढणे जरूर आहे. ‘नेहमी डावीकडून चाला’ हे वाक्य अनेक पिढ्यांनी शाळेत घोकले. डावी बाजू ही वाहनांची आहे, आणि ती आजही कायद्याने वाहनांचीच आहे. ज्या सडकेस पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट नाही, त्या सडकेवर पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीमागून गाडी येते व ती त्यास दिसत नाही; उजवीकडून चालणारा निदान पाहू शकतो आणि कडेला उतरू शकतो. ज्या शिक्षकांनी आजवर उलट शिकविले असेल, त्यांनी वर्गात तसे स्पष्ट सांगून दुरुस्ती करावी. मुले अशा कबुलीने बिथरत नाहीत. पायदळ दिंडी किंवा सप्तशृंगीस जाणारे पदयात्री यांच्याबरोबर रात्री निघणाऱ्या मुलांनी पांढरे कपडे घालावेत व हाती विजेरी घ्यावी. बैलगाडीच्या मागच्या फळीस लाल परावर्तक चिकटविणे हे काम शाळेच्या स्काउट पथकास एका रविवारी करता येण्याजोगे आहे.

हेल्मेटसंबंधी कायदा आता असा आहे: दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकास ते बंधनकारक आहे (कलम १२९), मग तो चालक असो वा मागे बसलेला. पगडी घातलेल्या शीख व्यक्तीस यातून सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध होऊन वर्षभराने लागू झाला. दुचाकीवर दोहोंपेक्षा अधिक माणसे बसविणे हा स्वतंत्र अपराध असून त्यास दंडाबरोबर तीन महिने अनुज्ञप्ती रद्द होण्याची शिक्षा आहे. शाळा सुटतेवेळी फाटकाशी उभे राहून पाहिल्यास एका गाडीवर बाप, पुढे टाकीवर एक, मागे दोन अशी मांडणी सहज आढळते.

वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तेव्हा हेल्मेटविरुद्ध उष्म्याची सबब पुढे येते. सबब खोटी नाही. परंतु त्याच उन्हात माणसे डोक्याला पांढरा रुमाल किंवा उपरणे कान झाकून घट्ट गुंडाळतात, तेव्हा त्यांना उकाडा सोसतो. ओला रुमाल आत व हेल्मेट वर अशी सवय करता येते. तोंडावर गुंडाळलेल्या फडक्याने लू अडते, दगड अडत नाही. हेल्मेट घेताना त्यावर आय. एस. आय. ची खूण पाहावी. १ जून २०२१ पासून त्या प्रमाणाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर डोक्यावर हेल्मेट असूनही नसल्यासारखेच, कायद्याच्या व डोक्याच्या दोन्ही दृष्टींनी.

या साऱ्या सुधारणांत खेड्यातील शिक्षकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असे कलम १९९-अ आहे. अल्पवयीनाने मोटार वाहन चालवून अपराध केला तर त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. ‘मला माहीत नव्हते, पोराने किल्ली परस्पर उचलली’ हे म्हणणे बापानेच सिद्ध करावयाचे आहे. न्यायालय त्याची संमती होती असेच प्रथम गृहीत धरते. साधारण नियमाप्रमाणे अनुज्ञप्तीचे वय अठरा. पन्नास घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटार-सायकलीस तेवढे सोळा. पण शेतावर डबा पोहोचविण्यास, पिठाची गिरणी गाठण्यास, बसथांब्यावरून पाहुणा आणण्यास जी मोटार-सायकल चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली जाते, ती पन्नास घन सेंटिमीटरची नसते.

पंचविसाव्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती नाही, याचा अर्थ पालकांस नीट उलगडून सांगावा लागतो. ज्या मुलाने पोलीस भरती, सैन्यभरती किंवा एस. टी. चा चालक होण्याचे मनात धरले आहे, आणि अशी मुले आपल्या प्रत्येक वर्गात आहेत, त्याच्या पुढच्या वाटेत हा अडसर आडवा येऊ शकतो. दंड भरून सुटता येते असे समजणाऱ्या बापास ही गोष्ट कैदेच्या भीतीपेक्षा लवकर पटते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. त्या मुलास प्रथम जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, व तिच्यावर देशभर टीका झाली. पुढे मुलाच्या वडिलांसही अटक झाली. निबंध लिहून घेणे हे ज्यांचे रोजचेच काम आहे त्यांना या बातमीत निराळेच काही बोचले असेल. अपघात झाल्यावर लिहिलेला निबंध कोणाच्या उपयोगी पडणार? तो आठवीच्या वर्गात, किल्ली हाती येण्यापूर्वी लिहून घ्यावा, आणि विषय ‘अपघात’ असा न देता ‘आमच्या घरची मोटार-सायकल कोण कोण चालवतो’ असा द्यावा. मुले खरे लिहितात. त्यावरून कोणाच्या घरी जाऊन बोलावयाचे हे शिक्षकास आपोआप समजते. मात्र तो निबंध चार लोकांत वाचून दाखवू नये, आणि पोलिसांकडेही देऊ नये. तसे एकदा झाले की पुढील वर्षी सारे निबंध निर्दोष येतील.

कायद्याचा एक भाग मदत करणाऱ्याच्या बाजूचा आहे. सडकेवर जखमी पडलेला असता लोक गर्दी करून उभे राहतात आणि हात लावत नाहीत, कारण पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या फेऱ्यांची धास्ती. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या सुधारणेने कलम १३४-अ घालून ते संरक्षण कायद्यात आणले. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून उद्भवलेल्या परिणामाबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. इस्पितळ त्यास अडवून ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. साक्षीदार होणे त्याच्या खुशीवर आहे. अपघातानंतरच्या पहिल्या तासास कायद्यानेच महत्त्व दिले असून, मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत पैसे न भरता उपचार मिळण्याची सोय झाली. ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तरी मृताच्या वारसास दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. बापडे वारस अर्जच करीत नाहीत. १०८ हा रुग्णवाहिकेचा, ११२ हा सर्व संकटांचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक चौथीच्या मुलालाही पाठ असावा. त्याबरोबर ‘मी कोठे उभा आहे’ हे सांगण्याचा सराव करून घ्यावा: सडकेचे नाव, जवळचे गाव, किलोमीटरच्या दगडावरील आकडा. फोन लावून नुसते रडणाऱ्या मुलापर्यंत गाडी पोहोचत नाही.

दोष नेहमी चालकाचा वा पादचाऱ्याचाच असतो असे नव्हे. सडकेची आखणी, बांधणी व देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा इजा झाल्यास संबंधित ठेकेदार, सल्लागार वा प्राधिकरणास एक लाखापर्यंत दंड करणारे कलम १९८-अ नव्याने आले आहे. जळगाव शहराच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली या ठिकाणी शहराची सारी येजा त्यास छेदते, आणि समांतर रस्त्यांसाठी तेथील नागरिकांना अनेक वर्षे आंदोलने करावी लागली. चाळीसगाव–कन्नड दरम्यानच्या औट्रम घाटातून अवजड वाहनांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ साली बंदी केली, तीही लोकांनी गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत नेल्यावर. शाळेसही मागणी करता येते. गतिरोधक, ‘पुढे शाळा’ हा त्रिकोणी फलक, पट्ट्यांची ओलांडवाट यांसाठी मुख्याध्यापकाने शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह सडक ज्या खात्याची असेल त्या खात्याकडे अर्ज करावा, व त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीस पाठवावी. अर्जास मैदानावरील दोरीच्या मापांचा तक्ता आणि शाळा सुटतेवेळी पंधरा मिनिटांत फाटकासमोरून गेलेल्या वाहनांची मुलांनी केलेली मोजणी जोडली, तर तो अर्ज बाजूला ठेवणे जड जाते.

जेथे मुले बसने किंवा व्हॅनने येतात तेथे २०११ चे महाराष्ट्र मोटार वाहन (स्कूल बस) नियम लागू होतात. त्यान्वये प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावयास हवी व तीत पालक, वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक यांचे प्रतिनिधी असावेत. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावर असते आणि तिची बैठक तपासणीच्या आदल्या दिवशी होते. बैठक खरोखर भरली तर विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत: चालकाची अनुज्ञप्ती कोणत्या वर्गाची, गाडीचे योग्यता प्रमाणपत्र केव्हा संपते, परवान्यात किती मुलांची संख्या आहे व आज किती बसली, आणि मुलांना उतरविणारी मदतनीस सोबत आहे काय.

प्रात्यक्षिकाचा शेवटचा तास नकाशाचा. प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा आराखडा काढावा. त्यात वळण, मोरी, झाड, दुकान, गाडीतळ व ओलांडण्याची जागा दाखवावी, आणि जेथे त्यास भीती वाटते तेथे लाल ठिपका द्यावा. सर्व आराखडे एका मोठ्या कागदावर जुळविल्यावर जेथे लाल ठिपक्यांची दाटी होते ती जागा शिक्षकाने मुलांसोबत जाऊन पाहावी. तो कागद वर्गाच्या दारामागे लावावा व दर जूनमध्ये नव्या मुलांकडून नवा करून घ्यावा. जुने कागद टाकून न देता तारीख घालून ठेवावेत, कारण सडक रुंद झाली, नवी वसाहत उठली किंवा पेट्रोल पंप आला की ठिपके जागा बदलतात.